पिशवी, नळी आणि वहीतले एमएल

मला आधी खाज सुटली, कावीळ नंतर. तळहात आणि तळपाय, आणि तीही मुख्यतः रात्रीच. साबण बदलला, कपडे धुवायची पावडर बदलली, त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं, ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या, काही म्हणजे काही उपयोग नाही. खाजवून खाजवून पोटऱ्यांवर ओरखडे आणि त्यांच्या खपल्या, पण पुरळ एकही नाही. पुरळ नसताना एवढी खाज कशी, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही, मलाही नाही. दोनेक आठवड्यांनी लेक म्हणाली, "बाबा, तुझे डोळे पिवळे दिसतायत, जरा उजेडात ये बघू."

कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात ना, साफ खोटं आहे. मला सगळं होतं तसंच दिसत होतं, जगाला मी पिवळा दिसत होतो.

लघवी गर्द तपकिरी झालेली आणि संडासचा रंग मात्र उडालेला, ओल्या पांढुरक्या मातीसारखा. हे मी आठवडाभर बघत होतो आणि कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायची गोष्ट वाटते का ती. नंतर कळलं की रंग असतो तो पित्तामुळेच, पित्त आतड्यात उतरलं नाही तर रंग येणार कुठून, ते रक्तात साचतं आणि लघवीतून बाहेर पडायला बघतं. पोटात दुखत नव्हतं, ताप नव्हता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पहिल्या डॉक्टरांनी साधी कावीळ समजून बारा दिवस आराम आणि गोळ्या यावर काढले. दुसऱ्या डॉक्टरांनी "दुखत अजिबात नाही?" असं तीनदा विचारलं, आणि न दुखणं हीच त्यांच्या काळजीची गोष्ट होती हे आम्हाला नंतर उमगलं. पित्ताच्या नळीत खडा असेल तर बहुतेक वेळा दुखतं. न दुखता कावीळ वाढत जाते, वजन उतरतं, तेव्हा नळी कुणीतरी बाहेरून किंवा आतून हळूहळू आवळतंय का ते बघावं लागतं.

बिलीरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं द्रव्य, रक्तात आलं १४.८. नॉर्मल साधारण १.२ च्या आत असतं. हिपॅटायटिसच्या टेस्ट सगळ्या निगेटिव्ह. सोनोग्राफीत लिव्हरच्या आतल्या पित्ताच्या नळ्या फुगलेल्या, पण बाहेरची मोठी नळी नॉर्मल आणि पित्ताशय रिकामं पडलेलं. म्हणजे तुंबलंय ते वरच, जिथे लिव्हरच्या उजव्या आणि डाव्या भागाच्या नळ्या येऊन मिळतात तिथेच. मग सीटी, मग एमआरसीपी, म्हणजे एमआरआयने काढलेलं पित्ताच्या नळ्यांचं चित्र. त्या एमआरसीपीचं चित्र मी अजून विसरलो नाही, काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या फांद्या, दोन्ही बाजूंना पसरलेल्या, आणि मधे जिथे खोड सुरू व्हायला हवं तिथे काहीच नाही, नुसती काळी फट.

त्या फटीचं नाव क्लॅटस्किन ट्यूमर. १९६५ साली क्लॅटस्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी या जागेच्या गाठीबद्दल लिहिलं म्हणून ते नाव. पित्तनलिकेचा कॅन्सर, पण अगदी संगमावरचा. माझा ३ए प्रकारचा निघाला, म्हणजे गाठ उजव्या नळीत आत शिरून तिच्या फांद्यांपर्यंत गेलेली. शेजारच्या रक्तवाहिनीलाही चिकटलेली, त्यामुळे ऑपरेशन सध्या नाही, आधी केमो. आणि केमो कधी, तर बिलीरुबिन उतरल्यावर. एवढ्या काविळीत ती औषधं लिव्हरला झेपत नाहीत. तर पहिलं काम गाठीचं नव्हतंच, वाट मोकळी करायचं होतं.

हे नातेवाईकांना समजावता समजावता माझ्या बायकोच्या नाकी नऊ आले. आपल्याकडे पित्त म्हणजे छातीत जळजळ आणि आंबट ढेकर. "पित्ताची नळी बंद झालीय" म्हटलं की समोरून "अहो मग ॲसिडिटीची गोळी घ्यायची ना" असं यायचं. हे पित्त वेगळं, लिव्हर रोज अर्धा ते एक लिटर बनवतं, हिरवट पिवळं असतं, ते आतड्यात जावं लागतं, असं ती फोनवर सांगायची आणि पलीकडचा म्हणायचा, बरं बरं, पण जागरण टाळायला सांगा.

पहिला प्रयत्न ईआरसीपीचा. तोंडातून दुर्बीण घालून जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीला जायचं, तिथे पित्तनलिकेचं तोंड उघडतं, त्यातून वर वायर सरकवायची आणि स्टेंट, म्हणजे वाट उघडी धरणारी बारीक नळी, टाकायचा. गाठ खालच्या बाजूला असेल, स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी वगैरे, तर हा रस्ता बहुतेकदा चांगला चालतो. माझ्यासारखी वर संगमावर असेल तर अवघड. मला गुंगी दिलेली त्यामुळे आठवत काही नाही, उठलो तेव्हा घसा दुखत होता आणि डॉक्टर म्हणाले वायर गाठीपलीकडे गेली नाही. रंगाचं औषध, म्हणजे एक्सरेत दिसावं म्हणून सोडतात ते, मात्र थोडं वर गेलं होतं.

ते थोडं वर गेलेलंच महागात पडलं. तुंबलेल्या नळ्यांमध्ये खालून काहीतरी वर गेलं आणि परत यायला वाट नाही, तर साचलेल्या पाण्यात जे होतं तेच होणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरली. हुडहुडी म्हणजे नुसती थंडी नाही, कॉट वाजत होती. दात आपटत होते आणि बोलता येत नव्हतं. याला कोलँजायटिस म्हणतात, पित्तनलिकेतला जंतुसंसर्ग, ताप, कावीळ आणि पोटात उजवीकडे दुखणं. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या टेस्टमध्ये, ई. कोलाय हा जंतू निघाला. अँटिबायोटिक लगेच सुरू झाली, पण रात्री आलेले डॉक्टर बायकोला स्पष्ट म्हणाले की नुसत्या औषधावर हे आटोक्यात येणार नाही, पू साचलाय तो काढावाच लागेल. ईआरसीपी करायच्या आधी हा धोका आम्हाला नीट कुणी सांगितला नव्हता, फॉर्मवर सह्या मात्र चार ठिकाणी घेतल्या होत्या. राग आहे अजून. पण ईआरसीपी करणाऱ्या डॉक्टरांवर नाही, ते प्रयत्न करत होते. घाईघाईत सह्या घेणाऱ्या पद्धतीवर आहे.

मग इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी. हा विभाग असतो हेच मला माहीत नव्हतं, रेडिओलॉजी म्हणजे एक्सरे काढणारे, रिपोर्ट लिहिणारे एवढंच डोक्यात. हे लोक चित्र बघत बघत सुईने काम करतात, चिरफाड न करता. तिथले डॉक्टर वयाने लहान, मला काका म्हणायचे. "काका, खालून जमलं नाही ना, आता वरून जाऊ. बरगड्यांमधून लिव्हरमध्ये, लिव्हरमधून नळीत." याला पीटीबीडी म्हणतात. ऐकायला भयंकर वाटतं आणि मी सरळ म्हणालो की मला भीती वाटते. ते म्हणाले वाटणारच.

लगेच करता मात्र आलं नाही. रक्त गोठायची टेस्ट असते आयएनआर, ती १.९ आलेली, आणि त्यांना १.५ च्या आत हवी होती, नाहीतर लिव्हरमध्ये सुई घातल्यावर रक्त थांबायचं नाही. गंमत अशी की तेही पित्तामुळेच. पित्त आतड्यात नाही तर चरबी पचत नाही, चरबी पचत नाही तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, आणि ते नसेल तर रक्त गोठायला लागणारे घटक लिव्हर बनवू शकत नाही. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं, प्लाझ्मा चढवला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आत घेतलं.

टेबल थंडगार. वर एक्सरेचं मशीन, बाजूला पडदे, सगळ्यांच्या अंगात शिशाचे एप्रन. उजवा हात डोक्यावर घ्यायला लावला आणि मी तो तसाच तासभर ठेवला, नंतर दोन दिवस खांदा दुखला, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. पूर्ण भूल नव्हती, गुंगीचं आणि दुखण्याचं इंजेक्शन शिरेतून आणि कातडीला लोकल. लोकलची सुई चावते. त्यानंतर ती लांब बारीक सुई जाते ती खरं तर फारशी कळत नाही, आत कुठेतरी दाब येतो एवढंच. तिला चिबा नीडल म्हणतात, जपानमधल्या चिबा विद्यापीठावरून. सोनोग्राफीवर बघत फुगलेली नळी गाठायची, "श्वास घ्या... धरा... सोडा", हे पंधरा वीस वेळा तरी झालं असेल. मग रंग सोडला आणि मला पडद्यावर माझी ती झाडाची फांदी दिसली, या वेळी जिवंत, हलणारी, माझ्या श्वासाबरोबर वरखाली होणारी.

सुईतून वायर, वायरवरून सुई काढायची, वायरवरूनच वाट रुंद करायची, आणि शेवटी त्याच वायरवरून नळी आत. ही वायरची युक्ती १९५३ साली सेल्डिंगर नावाच्या स्वीडिश रेडिओलॉजिस्टने काढली आणि अजून तशीच वापरतात, असं डॉक्टर काम करता करता सांगत होते, बहुतेक माझं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून. वाट रुंद करतात तेव्हा दुखलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच दुखलं, बरगडीच्या आतून खांद्यापर्यंत कळ गेली. एक दोन मिनिटांचा खेळ, पण त्या मिनिटांत मी सिस्टरचा हात इतका दाबला की त्या म्हणाल्या, "काका, मला पण नळी घालायला लागेल आता."

आत गेलेलं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळतं, त्याला पिगटेलच म्हणतात, आतून एक दोरा असतो तो ओढून गाठ मारली की ती शेपटी वळलेलीच राहते आणि नळी सहज निसटत नाही. माझी ८ फ्रेंचची होती. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, तर ८ म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्याही किंचित खालीच. एवढ्याशा नळीतून जे बाहेर आलं ते बघून बायकोला भोवळ आली, काळपट हिरवं, दाट, घाण वास. त्यातलं कल्चरला पाठवलं. रात्री अकराच्या सुमारास माझा ताप उतरला. पाच दिवसांत पहिल्यांदा.

आता पिशवी, नळीतून बाहेर येणारं पित्त जिच्यात साचतं ती.

पिशवीबद्दल मला जास्त लिहायचंय कारण ट्यूमर मी कधी बघितलेला नाही, पिशवी रोज बघितली. तीन दिवस झाल्यावर "आता घरी जा" म्हणाले, आणि नळी कशी धुवायची, कधी धुवायची, कुणाला फोन करायचा, हे एका सिस्टरने ड्युटी संपता संपता चार मिनिटांत सांगितलं. लेकीने मोबाईलवर व्हिडिओ काढला म्हणून वाचलो. बायकोने एक वही केली. तारीख, वेळ, किती एमएल, रंग, ताप. पहिल्या दिवशी ३५०, मग ६२०, मग ८८०. आम्ही खूश, भरपूर येतंय म्हणून. चौथ्या दिवशी उठलो आणि डोळ्यासमोर अंधारी, बीपी कमी, सोडियम कमी. कारण ते सगळं पित्त बाहेर जात होतं, त्याबरोबर पाणी आणि क्षार, आणि मी काही ते भरून काढत नव्हतो. मग जेवढं बाहेर जाईल तेवढं पोटात गेलं पाहिजे असा हिशोब बसवला, ओआरएसची पाकिटं आणली, वहीत अजून एक रकाना वाढला. हे घरी पाठवताना कुणी सांगितलं असतं तर एक ॲडमिशन वाचली असती.

फ्लश म्हणजे थ्री-वेला, नळीला जोडलेल्या तीन तोंडांच्या तोटीला, सिरिंज लावून १० एमएल सलाईन हळूच आत सोडायचं, दिवसातून दोनदा. आत ढकलायचं, मागे ओढायचं नाही. हे "ओढायचं नाही" फार महत्त्वाचं, कारण नळी आतड्यापर्यंत गेलेली असेल तर ओढल्यावर आतड्यातली घाण लिव्हरकडे येते. जोर लागला तर थांबायचं, हट्ट करायचा नाही. पिशवी नेहमी कमरेच्या खाली. झोपताना कॉटच्या कडेला खाली लटकवायची आणि तुम्ही कूस कुठली बदलणार ते आधी ठरवून ठेवायचं. मला डाव्या कुशीवर झोपायची सवय होती ती तीन आठवड्यांत गेली.

आणि तरी घोळ झालाच. एका दुपारी खोलीतून बाहेर येताना पिशवीचा पट्टा दाराच्या कडीला अडकला आणि मी पुढे गेलो. कळ आली, खाली बघितलं तर नळीवरची खूण जी कातडीला लागून असायची ती चार बोटं बाहेर. बायको म्हणाली, "अहो, हलू नका," आणि मी मूर्खासारखा ती परत आत ढकलायला हात लावणार तेवढ्यात तिने हात धरला. बरोबर केलं तिने. बाहेर आलेला भाग निर्जंतुक नसतो, आत ढकलला तर जंतू आत, आणि टोक कुठे जाईल त्याचा नेम नाही. आहे तिथे चिकटपट्टीने घट्ट बसवून सरळ हॉस्पिटल. तेही लगेच, कारण नवीन वाट असेल तर नळी पूर्ण निघाल्यावर ती काही तासांत बुजायला लागते आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुई. माझं नशीब की टोक अजून पित्ताच्या नळीतच होतं, वायर घालून बदलून दिली, अर्ध्या तासात काम झालं. त्यानंतर लेकीने नळी दोन ठिकाणी चिकटवायला सुरुवात केली, मधे थोडा झोळ ठेवून, म्हणजे ओढ बसली तर झोळाला बसेल.

खाज पहिली नळी घातल्यावर चौथ्या दिवशी गेली. बिलीरुबिनचा आकडा अजून १३ च्या वर होता पण मी रात्रभर झोपलो, सलग. दोन महिन्यांत पहिल्यांदा. कॅन्सर आहे हे कळून तीन आठवडे झालेले आणि मी सकाळी उठून आनंदात होतो, बायकोला वाटलं गोळ्यांनी डोकं फिरलं की काय.

आकडा मात्र रडवत राहिला. नळी घालेपर्यंत तो १८.२ वर गेला होता, तिथून १३, मग ९.५, मग ७, मग ६.४, आणि मग ६.२. डोळे पिवळेच. घरात रोज तोच विषय. नळीतून एवढं येतंय तर पिवळेपणा जात का नाही? डॉक्टरांनी सांगितलं की कावीळ फार दिवस राहिली की काही बिलीरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिनला पक्कं चिकटून बसतं, आणि अल्ब्युमिन शरीरात तीन आठवड्यांच्या आसपास टिकतं, त्यामुळे नळी उत्तम चालू असली तरी आकडा त्याच्या गतीनेच उतरणार. लघवी आधी स्वच्छ होते, कातडी आणि डोळे शेवटी. पण ६ च्या आसपास अडकला त्याला ते एकच कारण नव्हतं. उजवी बाजू रिकामी होत होती, डावी अजून तुंबलेली. लिव्हरचा निदान अर्धा तरी चांगला भाग मोकळा व्हायला हवा असा त्यांचा हिशोब असतो, आणि त्यासाठी ते सीटीवर कुठला भाग किती मोठा, कुठला आधीच सुकलेला, हे मोजून बघतात. सुकलेल्या भागात नळी घालून नुसता त्रास.

तर डाव्या बाजूची दुसरी नळी, छातीच्या हाडाच्या खाली, पोटाच्या वरच्या मध्यावर. ही उजवीपेक्षा सोपी गेली, बरगड्या नाहीत त्यामुळे श्वास घेताना खुपत नाही, आणि पुढेच असल्यामुळे मलाच दिसायची, ड्रेसिंग बदलायला सोपं. त्याच वेळी उजवीकडची वायर गाठीतून पलीकडे उतरली. मी टेबलावर असताना डॉक्टर "गेली!" असं जोरात म्हणाले आणि आतले सगळे जण हसले. मला पडद्यावर एक बारीक रेघ त्या काळ्या फटीतून खाली सरकताना दिसली. इतके दिवस जिथे काहीच जात नव्हतं तिथून. नंतर नळी लांब टाकली, वरही भोकं आणि खालीही भोकं, म्हणजे पित्त आतल्या आत आतड्यात उतरेल आणि गरज पडली तर बाहेरही काढता येईल. दोन दिवसांनी बाहेरचं तोंड टोपण लावून बंद केलं. ताप आला, दुखलं किंवा बाजूने गळायला लागलं तर टोपण काढून पिशवी लावायची आणि मग फोन करायचा, आधी फोन नाही.

चौथ्या दिवशी सकाळी संडासला रंग आला. मी बायकोला हाक मारून दाखवलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस काय काय दाखवतो. तिने वहीत लिहिलं, "रंग पूर्ववत", आणि खाली दोन रेघा मारल्या.

बायोप्सीचं वेगळंच रामायण. त्याच वाटेतून ब्रश घालून पेशी खरवडून घेतल्या, रिपोर्ट आला "संशयास्पद पेशी", नक्की नाही. दुसऱ्यांदा चिमट्याने तुकडा घेतला तेव्हा पक्कं झालं. या गाठी टणक असतात, पेशी सहज सुटत नाहीत, त्यामुळे ब्रशमध्ये काही आलं नाही म्हणून कॅन्सर नाही असं धरता येत नाही. आमच्या एका नातेवाईकांनी तो पहिला रिपोर्ट धरून आम्हाला महिनाभर आशा दाखवली, चांगल्या मनाने, पण फार त्रास झाला. आणि पक्का रिपोर्ट हातात आल्याशिवाय डॉक्टर धातूचा स्टेंट टाकायला तयार नव्हते, ते मला पटलं, कारण जाळीचा उघडा स्टेंट एकदा बसला की काढता येत नाही.

प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिने चालतो, स्वस्त, बदलता येतो, पण बारीक असल्यामुळे गाळ साचून लवकर बंद होतो. धातूचा नायटिनॉलचा, म्हणजे निकेल आणि टायटॅनियम, मिटवलेल्या छत्रीसारखा बारीक आत जातो आणि सोडला की हळूहळू उघडून ८ ते १० मिलिमीटर होतो. मला दोन, उजवीकडून एक आणि डावीकडून एक, शेजारी शेजारी, एकाच वेळी सोडले. वरून कापड लावलेले स्टेंट पण असतात पण संगमावर ते चालत नाहीत, आजूबाजूच्या छोट्या फांद्यांची तोंडं झाकली जातात. दोन दिवस आतून ताणल्यासारखं दुखत होतं, उघडत असतात म्हणे. पाच दिवस दोन्ही बाजूंना एक एक बारीक नळी खबरदारी म्हणून ठेवली, रंग सोडून बघितलं, सरसर खाली उतरला, आणि दोन्ही नळ्या काढल्या. काढताना काही नाही, दोरा कापला की शेपटी सरळ होते, सट्कन बाहेर. जागेवर गॉझ. पिशवी गेली. वही कपाटात गेली.

बिलीरुबिन १.९ आलं त्या आठवड्यात केमो सुरू झाली, जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन. तिच्याबद्दल इथे लिहीत नाही, ती वेगळी गोष्ट आहे. एवढंच की कावीळ उतरली नसती तर ती खुर्ची मला मिळालीच नसती.

लोक विचारायचे, "मग आता बरं वाटतंय ना, निघालं ना सगळं?" निघालं काहीच नव्हतं. गाठ जिथे होती तिथेच होती, तिच्या पोटातून दोन जाळ्या आरपार गेल्या होत्या एवढंच. हे मला स्वतःला समजायलाच बरेच दिवस लागले, दुसऱ्यांना काय सांगणार. पहिल्या नळीच्या वेळी मी डॉक्टरांना विचारलं होतं की याने माझं आयुष्य वाढेल का, तर ते जरा थांबून म्हणाले, "काका, याने ताप जाईल, खाज जाईल, केमो देता येईल. पुढचं केमो बघेल." तेव्हा ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं. आता वाटत नाही.

सात महिने छान गेले. मग एका रात्री तळव्यांना खाज. मी अंधारात पडून होतो आणि मला कळलं. बायकोला सकाळी सांगितलं, तिने काही न बोलता कपाटातून वही काढली. बिलीरुबिन ४.१. जाळीच्या भोकांतून गाठ आत वाढलेली आणि वर गाळ. या वेळी थांबलो नाही, ताप यायच्या आधीच गेलो, पुन्हा उजवीकडून सुई, श्वास घ्या, धरा, सोडा. जाळीच्या आतून वायर नेली आणि लांब नळी टाकली, वर आणि खाली भोकं असलेली. आता ही अशीच राहणार, बाहेरून टोपण, आतून वाहती, आणि दर आठ ते दहा आठवड्यांनी बदलायची. नळी बदलणं म्हणजे वायर घालून जुनी काढा, नवी सरकवा, वीस मिनिटं. वाट आता पक्की झालीय त्यामुळे लोकल पण थोडंच लागतं. तेव्हाचे ते डॉक्टर दुसरीकडे गेले, नवीन आलेल्या मॅडम कमी बोलतात पण हात हलका आहे.

नळीभोवती मधेमधे गळतं आणि कातडी लाल होते, त्यासाठी झिंकचं मलम. अंघोळीला वरून प्लॅस्टिक चिकटवायचं, एक कड सुटतेच. फ्लश आता मी स्वतः करतो, सकाळी एकदा, रात्री एकदा. वही दुसरी सुरू झालीय. त्यात एमएलचा रकाना बहुतेक रिकामा असतो कारण टोपण बंद, तरी बायको तो आखतेच.

गेल्या आठवड्यात बिलीरुबिन १.६ होतं. मंगळवारी नळी बदलायची आहे, टेबलावर जायची दहावी की अकरावी वेळ ते वहीत बघावं लागेल.